गुळाच्या गोदामातली भट्टी

राजेश्वरीचे वडील नाथाजी फौजेतून हवालदार होऊन परतले, तरी घरातल्या कुणाच्याही प्रवासाला ते पोस्टिंगच म्हणायचे. पोरगी मातीची शिल्पं घडवते, भट्टीत भाजते आणि त्यासाठी महिना-दोन महिने कुठल्या तरी गावी जाऊन राहते, याला रेसिडेन्सी म्हणतात, हे तिनं त्यांना कितीदा तरी समजावलं होतं.

"म्हंजी ऱ्हायाचं-खायाचं त्येंचं आन् काम आपलं. पोस्टिंगच की गं मग," असं म्हणून ते मोकळे व्हायचे.

कवठे महांकाळच्या उघड्याबोडक्या रानात ती वाढली. उन्हाळ्यात तलाव आटला की तळाची चिकणमाती उकरून आणायची, तिची माणसं करायची, हा तिचा लहानपणापासूनचा नाद. पाणी आटताना तिनं जन्मभर बघितलं होतं. पाणी चढतं कसं, ते बघायचा प्रसंग तिच्यावर कधी आला नव्हता.

पहिली रेसिडेन्सी मिळाली शिरवळला. हायवेलगतच्या एका कारखानदारानं आपली जुनी शेड कलावंतांना वापरायला दिली होती. तिथं राजेश्वरीनं डोक्यावर भारा घेतलेली पुरुषभर उंचीची बाई केली. बाई वरून खडखडीत वाळली, पण पोटात ओल होती. भट्टी भरायच्या दिवशी सगळ्यांची घाई चाललेली. "वाळलंय ना?" म्हणून विचारलं, तर हिनं मान डोलावली. मातीच्या पोटात राहिलेल्या ओलीची वाफ होते आणि वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती आपली वाट आपण करते. बाई फुटली ती एकटी फुटली नाही. शेजारी एका वयस्क शिल्पकाराचं काम होतं, त्याच्याही ठिकऱ्या झाल्या. सगळी खापरं त्यानं गोणपाटात भरली आणि गाडीत टाकून निघून गेला. त्यानंतर राजेश्वरीनं जिथं जिथं अर्ज केला तिथून नकारच आला. "तीच ना, भट्टी फोडणारी?" एवढी ओळख तिला पुरली.

म्हणून सांगलीच्या गोमटेशशेठचा फोन आला तेव्हा तिनं मागचा-पुढचा विचार केला नाही.

गोमटेश गूळ-हळदीचा अडत्या. चाळिशीतला, बोलायला गोड, शब्दाचा पक्का. नदीकडच्या अंगाला त्याच्या वडिलांचं, कल्लाप्पा अण्णांचं, जुनं गोदाम होतं. तिथं त्यानं गॅसवरची मोठी भट्टी बसवली आणि कलावंतांसाठी खोल्या काढल्या. अण्णा जाऊन वर्ष होत आलं होतं. गादीवर बसून गुळाचा सौदा करणारे अण्णा मातीत घडवायचे, खऱ्या माणसाएवढे, आणि त्यांच्या स्मृतिदिनी गोदामात बसवायचे, एवढंच काम होतं.

गोमटेशची आई विजयमालाआक्का रोज दुपारी यायच्या. मातीतला नवरा आकाराला येताना बघत बाकावर बसायच्या. एकदा म्हणाल्या, "नाक हुबेहूब झालंय गं. पण हे माझ्याकडं असं बघत नव्हते कधी. जरा बाहेर बघाय लाव त्येस्नी." राजेश्वरीनं मूर्तीचे डोळे फिरवले. आता अण्णा नदीकडं बघू लागले.

आषाढ सरला आणि वर घाटमाथ्यावर पावसानं ठाण मांडलं. धरणातून पाणी सोडल्याच्या बातम्या यायला लागल्या. बाजारपेठेत माणसं एकमेकांना रामराम घालायच्या आधी विचारायची, "आयर्विन पुलाला किती फूट झालं?" पुलाखालचं पाणी तांबडं, जाड, आवाज न करता पळायचं. जलपर्णीचे हिरवे थर भोवऱ्यात सापडून गोल फिरायचे. गोदामाच्या मागच्या बिळांतल्या घुशी दिवसाढवळ्या भिंतीच्या कडेनं रस्त्याकडं निघाल्या होत्या आणि त्यांना हाकलायच्या भानगडीत कुणी पडत नव्हतं.

"दादा, भाजायचं काम पुढं ढकलूया का?" तिनं गोमटेशला विचारलं.

तो हसला. भिंतीवर दोन हजार एकोणीसच्या पुराची काळपट रेघ होती, तिच्यावर त्यानं हात ठेवला. "ही रेघ बघून जमीन उचलून घेतलीय मी, राजेश्वरीताई. एवढा भराव टाकलाय. इथं पाणी येतंय तवा निम्मी सांगली बुडालेली असंल. तुम्ही काम बघा, नदी मी बघतो."

त्याच दिवशी शेजारच्या वखारीतून गुळाच्या ढेपा ट्रकमध्ये चढताना तिला दिसल्या. हमालांचा मुकादम अर्जुना पावसात गोणपाटाची खोळ घेऊन उभा होता. माल कुणाचा म्हणून तिनं विचारलं.

"शेठचाच की. मिरजंला निघालाय."

"का?"

अर्जुनानं तिच्याकडं बघितलं, मग ट्रककडं. "दमट हवा हाय म्हणत्यात. गूळ पाझरतोय."

गूळ हलवणारा माणूस भट्टी पेटवायला सांगतोय, हे तिला कळलं. कळूनही ती गप्प बसली. पुन्हा 'भट्टी फोडणारी' म्हणून कुणी हसायला नको, अडून बसली असं कुणी म्हणायला नको, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. अण्णांचे सुटे केलेले भाग तिनं यावेळी नखानं कोरून, ठोकून बघत, दिवसचे दिवस वाळवले होते. मांडी, धड, हात, शेवटी डोकं असं सगळं भट्टीत रचलं, आणि उजाडता उजाडता बर्नर पेटवला.

दुपारपर्यंत सगळं सरळ चाललं. तापमानाचा काटा आठशे अंशांच्या पुढं गेला. झरोक्यातून बघितलं तर आत अण्णांचं डोकं केशरी, जवळजवळ आरपार दिसत होतं. ती तिथून हलली तोच अर्जुना दारात आला.

"ताई, गटारातनं पाणी उलटं याय लागलंय."

नदी अजून रस्त्यापल्याड होती. पाणी आलं ते मोरीतून, मागच्या आवारातल्या गटाराच्या जाळीतून, बुडबुडे काढत आलं. नदीच्या बाजूनं कितीही भराव टाका, खालून येणाऱ्याला तो अडवत नाही. तिनं तडक गॅस बंद केला. अर्जुनाच्या माणसांनी टाक्या सोडवून उंचावर नेल्या. पण भट्टी विझली म्हणून निवत नाही. तिच्या पोटातल्या विटा लाल होत्या आणि त्या निवायला दुसरा दिवस उजाडला असता. पाणी पायऱ्यांना लागलं होतं.

गोमटेश धावत आला. गॅस बंद दिसताच त्याचा चेहरा उतरला. "कुणी बंद केला? चार तासांचं काम राहिलंय!"

"दादा, तळाच्या विटांना पाणी लागलं तर भट्टी फुटेल. जिवाला धोका आहे. सगळ्यांना बाहेर काढा."

"पाणी लागू द्यायचंच न्हाई मग. अर्जुना, वाळूची पोती आण!"

हमालांनी भट्टीभोवती पोत्यांचा बांध रचायला घेतला. पाणी घोट्याला आलं, पोटरीला आलं. पोत्यांच्या आत भट्टीचा ऊन फुफाटा, बाहेर तो गार तांबडा गाळ. राजेश्वरीला शिरवळची शेड आठवली. तिथं फुटली ती एक पोकळ बाई होती. इथं अख्खी भट्टी होती, आणि ती तिनं स्वतः पेटवली होती.

ती ओरडली, "अर्जुनामामा, बाहेर व्हा! सगळे बाहेर!"

हमाल शेठकडं बघत राहिले. अर्जुनानं हातातलं पोतं खाली ठेवलं. "शेठ, आवं, चला. मूर्ती परत हुईल."

"तू जा," गोमटेश म्हणाला. "मी हाय."

अर्जुनानं माणसं बाहेर काढली. राजेश्वरीनं रस्त्यावर येऊन आक्कांना फोन लावला. "आक्का, दादांना बोलवा, ते ऐकत नाहीत माझं."

आक्का म्हणाल्या, "आत्ताच केलता मी त्याला फोन, माझंबी ऐकत न्हाई. म्हणतोय, अण्णास्नी एकदा दवाखान्यात एकटं सोडून घरी आलो. आता न्हाई सोडणार." आणि मग त्यांचा आवाज चिरकला, "अगं, त्याला वड बाहेर! मातीचा पुतळा हाय म्हणावं तो!"

ती आणि अर्जुना परत आत शिरले. पाणी गुडघ्यावर होतं. गोमटेश पोत्यांना पाठ लावून उभा होता, एखादा दार लावून धरतो तसा. त्याच्या पायाजवळचं पोतं हळूच सरकलं. इतकं हळू, की त्याचं त्यालाही कळलं नसावं. आधी एक लांब, बारीक शीळ ऐकू आली. अर्जुनानं राजेश्वरीला खांबामागं ढकललं आणि मग आवाज झाला.

पांढरी वाफ छतापर्यंत गेली. भट्टीचं लोखंडी दार बिजागरीतून निखळून पाण्यात पडलं आणि विटा गोळ्यांसारख्या सुटल्या. वाफेतून गोमटेशची हाक आली. ती हाक अण्णांना होती. दोघांनी त्याला काखेत धरून ओढत काढलं. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता आणि हाताची कातडी हातमोज्यासारखी सुटत होती. ट्रॅक्टरवर घालून त्याला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. तो जगला. डावा डोळा गेला आणि उजव्या हाताची बोटं मिटायची राहिली.

पाणी ओसरल्यावर राजेश्वरी गोदामात गेली. गाळात हात घालून खापरं गोळा केली, नळाखाली धुतली. आक्कांना दाखवायला काही मिळतं का बघितलं, तर मांडीचा एक तुकडा तेवढा ओळखू आला. आक्कांनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि परत दिला. "ह्यात मला काय न्हाई दिसत," एवढंच म्हणाल्या.

नाथाजींनी तिला घरी आणलं. रानाच्या माळावर, घरामागं, तिनं आपली लहानशी भट्टी बांधली. कुठंही जायचं नाही असं ठरवून टाकलं. लोक दोन्हीकडून बोलले. कुणी म्हणालं, तिनं माणसं वाचवली. कुणी म्हणालं, तिचा पायगुणच तसला. तिला दोन्ही ऐकवत नसे.

पुढच्या चैत्रात गोमटेशचा फोन आला. आवाज तसाच गोड. "नवी भट्टी बसवतोय, ताई. जागा तीच. जोतं आणखी उचललंय, गटाराला झाकण घातलंय. अण्णांचं काम अर्धं राहिलंय आपलं."

"मी येणार नाही, दादा. आणि तुम्ही तिथं भट्टी बांधू नका."

तो रागावला नाही. "बरं," म्हणाला. महिन्याभरानं तिला कळलं, फलटणची पल्लवी नावाची पोरगी येऊन कामाला लागलीय.

राजेश्वरी पहिल्या एसटीनं सांगलीला गेली. पल्लवी ओट्यावर माती मळत होती. कोपरापर्यंत हात भरलेले, केसांना माती लागलेली. राजेश्वरीनं तिला सगळं सांगितलं. गूळ मिरजेला गेला ते सांगितलं, गटाराची जाळी नेऊन दाखवली, पोत्याचंही सांगितलं. पल्लवीनं मन लावून ऐकलं.

"भाजणार कुठं मग मी, ताई?" ती म्हणाली. "दोन वर्षं झाली, माझं सगळं काम कच्चं पडलंय घरात. दुसरं कुणी बोलवत नाही."

माझ्या माळावर ये, असं राजेश्वरी म्हणाली. पण तिच्या भट्टीत घागरीपेक्षा मोठं काही मावत नव्हतं आणि पल्लवीच्या मागं अण्णांचं खांद्यापर्यंतचं धड तयार उभं होतं. आतल्या खोलीत गोमटेश एका डोळ्यानं भट्टीचा नकाशा बघत कुणाला तरी फोनवर बर्नरचा भाव विचारत होता.

निघताना तिनं अर्जुनाला गाठलं. "मामा, पावसाळ्यात हिच्यावर लक्ष ठेवा."

अर्जुनानं तंबाखू झटकली. "मी न्हाई आता हितं. आठवड्याभरात चाललोय. लेकाकडं, पुण्याला."

एसटी पुलावरून गेली तेव्हा नदी उन्हात पार खाली, दगडांतून वाहत होती. पोरं तिच्यात म्हशी धूत होती.