हौसाचं बाकडं

आमच्या सेक्टरातल्या ऐतिहासिक बागेत मी एका बाकड्याखाली उताणा पडलो होतो, आणि मला काही म्हणता काही झालेलं नव्हतं.

बाग ऐतिहासिक आहे असं पाटीवर लिहिलंय. मधोमध जुन्या गावाची दगडी विहीर आहे, तिला जाळी ठोकलीय. (मी चौथी शिकलेला माणूस. मला इतिहास एवढाच ठाऊक, की मार्केट मुंबईतून तुर्भ्याला आलं आणि पोत्यांमागं आम्ही सातारकर हमालही आलो.) विहिरीजवळ लाकडी फळ्यांचं, लोखंडी पायांचं एक बाकडं होतं. माझी बायको हौसा रोज संध्याकाळी त्यावर बसायची. गेल्या श्रावणात ती गेली. तेव्हापासून मी बसतो. घरात तिचा फोटो आहे, पण तो तिच्यासारखा दिसत नाही. फोटोत ती गप्प आहे.

त्या दिवशी सकाळी गेलो, तर विहिरीजवळ नुसते चार खड्डे! सगळी बाकडी गेटाशी ओळीनं मांडलेली. बागेचा वॉचमन दामाशेठ इथल्याच गावचा. ही बाग म्हणजे त्याच्या बापाचं भातशेत.

"दामाशेठ, बाकडी का उपटली?"

"नवीन स्टीलची येनार हाईत. ही भंगारात. आता ट्रक येल. तुला एक पायजे तं उचल, मी बगत नाय. पन तुजा कोनता, ता तूच वलख."

आता आली पंचाईत! सगळी एकाच रंगाची, एकाच वयाची. खूण मला एकट्याला माहीत. हौसा मशेरी लावायची. सून संगीता घरात आल्यापासून ते बंद. सुनेपुढं काळे दात कसे दाखवायचे? म्हणून ती बागेत यायची, मशेरी लावायची आणि बोट फळीला खालून पुसायची. मला शपथ घातली होती, "संगीला कळलं तर बघा! पोतं कुठलं!" (मी बसलो की पसरतो, म्हणून मला पोतं म्हणायची. चारचौघांतसुद्धा!)

तर फळी खालून बघायची म्हणजे खाली शिरायला हवं. शिरलो. पहिल्याखाली च्युइंगम. दुसऱ्याखाली कुणीतरी बदाम कोरलेला, त्यात बाण. तिसऱ्याखाली शिरलो आणि वर अख्खा हास्यक्लब जमा झाला.

"अहो, काका पडले!"

"पडलो नाही. झोपलोय."

"बडबडतायत! शुगर डाऊन झाली!"

एकानं तोंडात ग्लुकोजची पावडर ओतली. दुसऱ्यानं पाय वर धरले. एका बाईनं चप्पल नाकाला लावली. (मला फिट आली नव्हती. पण ती चप्पल हुंगल्यावर येईल असं वाटलं!) तोंड पावडरनं भरलेलं, त्यामुळे शिव्या द्यायचीही सोय नव्हती. तेवढ्यात कुणीतरी माझ्याच मोबाईलवरून घरी फोन लावला आणि कणकेच्या हातानं संगीता धावत आली.

"मामा! काय होतंय?"

"काही नाही. हवा खातोय."

"बाकड्याखाली?"

"खाली गार असते."

"ट्रक वलनावर आला रं!" गेटातून दामाशेठ बोंबलला.

मी चौथ्याखाली शिरलो. संगीतानं कणकेचे हात ओढणीला पुसले. मग खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "मामा, आत्यांचं बोट शोधताय का?"

माझं डोकं फळीवर आपटलं. "तुला कोण बोललं?"

"बोलायला कशाला पाहिजे? पुडी मीच आणून द्यायची. आत्यांनी शपथ घातली होती, म्हाताऱ्याला सांगू नकोस. ते शेवटचं बघा. त्याचा एक पाय वाकडाय."

शेवटच्याखाली डागांच्या दोन रांगा होत्या. एक जाड बोटाची. दुसरी बारीक बोटाची! मी संगीताकडं बघितलं. तिनं हात ओढणीमागं लपवला. जाड रांगेवरून मी बोट फिरवलं, दोनदा. मग डोळ्यात ग्लुकोज गेलं. (लोकांना मी तसंच सांगितलं.)

"बाजूला व्हा!" मी ओरडलो. "शंभर किलोचं पोतं घेऊन माडी चढलेला माणूस हाय मी!" (कधी, ते विचारू नका.) वाकलो, बाकडं पाठीवर घेतलं, उठलो, आणि कमरेत कट्ट! पुढं सरळ होईना, मागं बसता येईना.

शेवटी हास्यक्लबच्या सहा जणांनी मला त्याच बाकड्यावर आडवं केलं आणि बाकडं खांद्यावर घेतलं. निघाली की हो वरात! रिक्षावाल्यांनी हात जोडले. वाण्यानं शटर अर्धं खाली ओढलं. कोपऱ्यावरची फुलवाली हार घेऊन धावत आली.

"अगं, जिवंत हाय मी!"

"ऱ्हाऊ द्या आता, काढलाय तर," म्हणाली आणि गळ्यात घातलाच!

जन्मभर लोकांचा माल वाहिला, त्या दिवशी माल मीच होतो. दारात उतरवताना सहा जणांचे बारा हात बारा दिशांना. संगीता ओरडली, "अहो, जपून! एकच पोतं उरलंय आमच्या घरात!"

हौसा गेल्यापासून मला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. लई बरं वाटलं. (कमरेला सोडून!)