अर्धी गोळी

कळव्याच्या खाडीकाठी जाळं विणावं ते गोमाजीनेच. जाळं फाटेल, पण त्याने मारलेली गाठ सुटायची नाही. पन्नाशी ओलांडली आणि त्याच माणसाचे हात थरथरायला लागले. चालताना पाय जागच्या जागी अडकायचे, चेहरा कोरा झाला. नव्वद साली ठाण्याच्या डॉक्टर उत्तराबाईंनी कंपवाताचं निदान केलं आणि गोळ्या सुरू केल्या.

घरातली चावी आणि शेवटचा शब्द बायकोचा, ही कोळीवाड्याची रीत. तेव्हा गोळ्यांचा डबाही चंद्रभागेच्या ताब्यात गेला. ही बाई ठाण्याच्या बाजारात मासे विकायची आणि तिचा आवाज दोन गल्ल्या ओलांडून जायचा. सकाळी बाजाराला निघताना एक गोळी, दुपारी परतल्यावर एक, रात्री जेवण झालं की एक. गोमाजीने निमूट तोंड उघडायचं.

दोन महिन्यांत हात थांबले. गोमाजी ओटीवर जाळं घेऊन बसला. आणि आणखी एक झालं. बाजारातून आलेल्या बायकोकडे तो टक लावून बघायला लागला. "अबोली नाय घातलीस आज?" म्हणून विचारायला लागला. आठ वर्षं एका घरात पाहुण्यांसारखी राहिलेली ही दोघं, सून हेमा शेजारी गेली की दार ओढून घ्यायला लागली. चंद्रभागा लाजली, चिडली, आणि खरं सांगायचं तर फार सुखावली. बाजारात तिचा आवाज मऊ झाला, त्याचा फायदा गिऱ्हाइकांनी करून घेतला.

पुढच्या तपासणीला उत्तराबाईंनी गोमाजीला बाहेर बसवून तिला सरळच विचारलं.

"नवऱ्याची इच्छा वाढलीय का? लाजू नका. मेंदूत डोपामाइन नावाचं द्रव्य असतं. ते कमी पडलं की हात थरथरतात, मनातली ओढही मंदावते. ही गोळी ते भरून काढते. कुणाकुणाची ओढ जरा जास्तच वाढते. त्रास झाला तर मला सांगा, पण आपल्या मनाने गोळी कमी करू नका."

चंद्रभागेच्या कानात एवढंच राहिलं, की हे गोळीमुळे. म्हणजे अबोली गोळीला आवडली होती!

दुसऱ्या दिवसापासून तिने गोळी कोयत्याने अर्धी करून द्यायला सुरुवात केली. कालवण खारट झालं की मिठाला हात आखडायचा, हेच तिचं शास्त्र. अर्ध्या गोळीवर हा माणूस आपल्याकडे बघतो का, ते तिला बघायचं होतं.

त्याने नाही बघितलं. तीन आठवड्यांत जाळं खुंटीला गेलं आणि गोमाजी भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. चंद्रभागा बाजारात माशांच्या पाटीआड बसून रडली. मग एका दुपारी ताट पुढे घेताना त्याच्या हातून भात सांडला. तो थरथरत्या बोटांनी एकेक शीत वेचायला लागला, आणि तिला ते बघवेना. ती उठली, अख्खी गोळी घेऊन आली.

गोमाजी गोळीकडे बघत राहिला. "आज अख्खी?"

"तुमाला ठाव हाय?"

"पयल्या दिसापासून. अर्धी गोली मना कलते. कापल्या जागी जिभेला खरखर लागते."

"मग बोल्लाव का नाय?"

"गोली सुरू झाली तवापासून वढ वाढली, ता मना बी कलला व्हता. मना वाटला, तुला नको झायला. सून घरान, या वयान लाज वाटत असंल. म्हटलं, चंद्रीला नको तं नको. हात थरथरले तं थरथरले."

चंद्रभागेची नुसती नाराजी असेल या समजुतीवर या माणसाने आपले हात देऊन टाकले होते, तेही अर्ध्या गोळीवर.

"उद्या डॉक्टरीनबाईकडं जाव," ती म्हणाली. "मीच सांगीन मी काय केला तं."

तिने त्याला गोळी दिली, पाणी पाजलं. परसात जाऊन अबोली तोडली आणि माळली. मग गोळी लागू व्हायची वाट न बघता ती त्याच्याजवळ येऊन टेकली आणि त्याचा थरथरता हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.