कुठेच नसलेलं फंक्शन

वहिनी तोंडाने गोड, पण डूख धरणारी. आणि धरावा असंच घडलं होतं. सासऱ्यांचा बाटल्यांत सरबत भरणारी यंत्रं बनवायचा कारखाना. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात बसून झडपेची उघडझाप करणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम तिने लिहिलेला. बाटली काठोकाठ दिसावी म्हणून धाकट्या दिराने झडप उघडी ठेवण्याचा आकडा परस्पर वाढवला. सरबत उतू जाऊन मोटर जळाली, तेव्हा बेटा म्हणाला, कोड वहिनींचाच आहे. सासऱ्यांनी शहानिशा न करता तिचं टेबल झेरॉक्सशेजारी हलवलं. काम काय, तर गिऱ्हाइकांचे फोन घेणं.

तिने आदळआपट केली नाही. जाता जाता ड्रायव्हरमध्ये एक तपासणी घालून ठेवली. आकडा मर्यादेबाहेर गेला तर 'आधी विचारा' नावाच्या फंक्शनला, म्हणजे कोडच्या एका तुकड्याला, बोलवायचं. हे फंक्शन जाहीर केलेलं, पण लिहिलेलं कुठेच नाही. आकडा ठीक असला तर कोडचा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर ते बोलावणं आपणहून गाळतो. नसला तर तुकड्यांच्या शेवटच्या जुळणीत फंक्शन सापडत नाही आणि प्रोग्रॅम तयारच होत नाही. चूक यंत्रापर्यंत पोचायच्या आत अडते. फंक्शनच्या नावावरच्या ओळीत तिने स्पष्ट लिहिलं होतं, हे मुद्दाम रिकामं सोडलंय, कोणी भरू नये.

मोठं गिऱ्हाईक येणार म्हणून दिराने पुन्हा आकडा वाढवला. प्रोग्रॅम अडला. वरचं वाचेल तर तो दीर कसला! चहाच्या वेळी त्याने सगळ्यांना हसून सांगितलं, वहिनी एक फंक्शन लिहायलाच विसरल्या होत्या, मी लिहून टाकलं.

वहिनीने चहा संपवला. गिऱ्हाईक आलं तशी मेन स्विचपाशी जाऊन उभी राहिली.

गिऱ्हाइकासमोर यंत्र सुरू झालं. बाटल्या भरल्या, उतू गेल्या. सरबताचा ओघळ दिराच्या नव्या बुटांत शिरेपर्यंत तिने वाट पाहिली आणि मग स्विच ओढला. मोटर वाचली.

"कोड वहिनींचाच..." त्याने जुनं पालुपद लावलं.

"ते फंक्शन कोणी लिहिलं, भाऊजी?" तिने स्क्रीन सासऱ्यांकडे वळवली. "बाबा, त्याच्या वरची ओळ वाचा."

सासऱ्यांनी वाचली. चहाच्या वेळची फुशारकी त्यांनीही ऐकली होती.

"माहीत होतं तर सांगायचं ना, वहिनी," दीर पुटपुटला.

"लिहून सांगितलं होतं की."

दुसऱ्या दिवशी टेबलांची अदलाबदल झाली. वहिनी आपल्या जागी बसली न बसली तोच झेरॉक्सशेजारचा फोन वाजला. तिने मान वर न करता सांगितलं, "भाऊजी, घ्या. गिऱ्हाईक खोळंबलंय."