सुदाममामांचा संशय

सुदाममामा भर रस्त्यात वाकून वॉल्व्हची लांब लोखंडी चावी पाइपावर टेकवायचे आणि दुसरं टोक कानाला लावायचे. जमिनीखालून कोण पाणी चोरतंय, ते त्यांना ऐकू यायचं. वडवणीत वीस वर्षं नळाला पाणी सोडणाऱ्या या माणसाचा कोणावरच विश्वास नव्हता. "पानी आपोआप वळत न्हाई, सर. कुनीतरी वळवतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मामींनी केलेला चहासुद्धा आधी हुंगून प्यायचे.

निवृत्तीनंतर त्यांच्या मूत्रपिंडात गाठ निघाली, फुप्फुसापर्यंत पसरलेली. डॉक्टरांनी रोजची एक गोळी दिली. ती गाठीला मारत नाही, तिचा रक्तपुरवठा तोडते, एवढंच सांगितलं. मी शेजारी, त्यातून कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारा. मामांनी पाकीट माझ्यापुढे आपटलं. "मारतच न्हाई तर खायची कावून?"

मी समजावलं. गाठ लहान असते तोवर कसंबसं भागवते. वाढायचं तर रक्त हवं. मग ती आसपासच्या रक्तवाहिन्यांना रसायनाचा निरोप धाडते, आणि त्यांना नव्या फांद्या फुटून त्या गाठीपर्यंत पोचतात. गोळी त्या निरोपाचं काम होऊ देत नाही.

मामांनी पाकीट पुन्हा उचललं. "म्हंजी ही चोरीची जोडणी न्हाईच. अर्ज तिनं केला अन् मंजूर म्या केला."

त्या दिवसापासून गोळी सुरू झाली. गाठ वर्षभर दबून राहिली. खरं सांगतो, मला स्वतःचाच फार अभिमान वाटला. गोळ्या दर महिन्याला बीडहून मीच आणायचो.

मग तपासणीत गाठ भराभर वाढलेली दिसली. घरी आल्यावर मामींनी ट्रंकेतून तीन न फोडलेली पाकिटं काढून माझ्या हातात दिली. कंपनीने वेष्टनाचा रंग बदलला होता. मामांना गोळ्या नकली वाटल्या आणि कोणाला न सांगता त्यांनी त्या बंद केल्या.

मी चिडलो. "मामा, माझ्यावरसुद्धा संशय?"

"तुमच्यावर कवाच न्हवता, सर. पर तुमी कुनावरच संशय घेत न्हाई. दुकानदारानं हातावर ठिवलं ते आनलं. त्याचंच भ्या वाटलं."

डॉक्टरांनी पाकिटं पाहिली. अस्सल होती. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण उपयोग झाला नाही. दोन महिन्यांनी मामा गेले.

बदललेला रंग मी त्यातलं पहिलं पाकीट आणतानाच पाहिला होता. दुकानात तेव्हा एक प्रश्न विचारला असता, तर मामांना द्यायला माझ्याकडे उत्तर असतं.