दिवाळीची सुट्टी आणि वीस वॉशर

धनत्रयोदशीच्या चार दिवस आधीची दुपार... चिंचवडच्या आमच्या कारखान्यात, कॅन्टीनच्या मागे आम्ही सहा जण तीन पत्ती खेळायला बसलो होतो. साल अठ्ठ्याहत्तर की एकोणऐंशी, नक्की आठवत नाही. शेवटच्या डावातले पत्ते मात्र अजून आठवतात.

आमचं खातं भट्टीचं. दिवाळीत अख्खी कंपनी बंद असली तरी भट्टी विझवता येत नसे, एकाला थांबावंच लागे. दरवर्षी गायकवाडभाऊ थांबायचे. ते बौद्ध, आमच्यापेक्षा वयाने मोठे... 'भाऊ, तुमच्यात कुठे दिवाळी असते' एवढं म्हटलं की आमचा प्रश्न मिटायचा.

त्या वर्षी मात्र ते म्हणाले, "यंदा मलाबी गावाला जायचंय. कोण थांबणार ते सगळ्यांत मिळून ठरवा." थांबायला कुणीच तयार होईना. फोरमनसाहेबांनीही हात झटकले, मला फक्त एक नाव द्या म्हणाले.

चिठ्ठ्या टाकाव्यात तर चिठ्ठीची घडी घालणाऱ्यावर कुणाचा विश्वास नव्हता! म्हणून पत्ते निघाले. प्रत्येकाला स्टोअरच्या डब्यातले वीस वॉशर... ज्याचे सगळ्यांत आधी संपतील, तो दिवाळीला थांबणार.

माझी बायको बार्शीला माहेरी होती, दिवस भरत आले होते. आमचं पहिलं मूल जन्मतःच गेलं, तेव्हा मी इथे कामावर होतो. या खेपेला काहीही झालं तरी येतो, असा तिला शब्द दिला होता.

भीतीपोटी मी पहिल्या डावापासून चुकत गेलो. पत्ते बघायचे, घाबरायचं, टाकून द्यायचे... पण प्रत्येक डावाच्या सुरुवातीलाच एक वॉशर मध्ये ठेवावा लागतो, त्याला बूट म्हणतात. एक-दोनदा तर चाल करून मध्येच कच खाल्ली, ते वॉशरही गेले.

ज्याचा ढीग मोठा, त्याला असं बसून राहणं परवडतं. तो नुसते पत्ते टाकत राहिला तरी दुसरा कुणीतरी आधी संपतो. माझा ढीग मात्र बसल्या बसल्या पाचावर आला.

गायकवाडभाऊंकडे सहा होते. बाकीचे चौघे निवांत... आमच्या दोघांतला कोण आधी संपतो, तेवढंच बघत होते. जेवणाची सुट्टी संपायला दहा मिनिटं उरली होती.

गंमत अशी की मला तीन पत्ती शिकवली ती भाऊंनीच. ते म्हणायचे, "हातात कमी उरलं ना जाधव, की पत्ते बघायचे न्हाईत. बघितलं की माणूस भितंय." शिवाय न बघता खेळणाऱ्याला एक वॉशर टाकावा लागतो, बघून खेळणाऱ्याला दोन.

पुढच्या डावाला मी पत्ते पालथेच ठेवले आणि ब्लाइंड खेळलो. चौघांनी लगेच पत्ते टाकून पॅक केलं. भाऊंनी आपले पत्ते उचलून बघितले आणि दोन वॉशर टाकले.

मी एक, ते दोन... मी पुन्हा एक. त्यांच्याकडे दोन नव्हतेच, शेवटचा एक उरला होता; तो मध्ये सरकवून त्यांनी शो मागितला, म्हणजे आता दोघांनी पत्ते उघडायचे. माझ्याकडेही एकच होता. हरलो असतो तर तो पुढच्या बुटात गेला असता.

त्यांच्याकडे राजांची जोडी निघाली. मी पहिला पत्ता उलटला, बदामाची पंजी. दुसरा इस्पिकची चव्वी. तिसरा उलटायला हात धजेना, तो शेजारच्या शिंदेने उलटला... किलवरची छक्की. ओळीने चार-पाच-सहा, म्हणजे सिक्वेन्स; जोडीच्या वर.

भाऊंचा ढीग संपला, म्हणजे यंदाही तेच थांबणार. त्यांनीच सगळे वॉशर गोळा केले आणि डब्यात टाकायला घेऊन गेले. खरं सांगतो, तेव्हा मला वाईट वाटलं नाही... सुटलो, एवढंच वाटलं.

बार्शीला वेळेत पोचलो. भाऊबीजेला मुलगी झाली, दोघी सुखरूप. तिचं रडणं कानावर येईपर्यंत दवाखान्याच्या पायरीवरून उठायची माझी हिंमत झाली नव्हती.

परत आल्यावर पेढे घेऊन सगळ्यांत आधी भाऊंकडे गेलो. मनात धाकधूक होतीच... त्यांच्या घरी कुणी आजारी असेल, कुणाचं लग्न जमायचं असेल, माझ्यामुळे काही राहून तर गेलं नसेल ना. त्यांनी मात्र पोरगी कशी आहे, अंगानं भरलेली आहे का, सगळं आस्थेने विचारलं.

शेवटी धीर करून विचारलंच, "भाऊ, गावाला काय काम होतं हो?"

"काम कसलं? सुट्टी होती. सगळे जातात, मलाबी जायचं होतं."

माझ्याकडे कारण होतं, म्हणून सुट्टीही माझीच, असं मी धरून चाललो होतो. पुढच्या दिवाळीला मी आपणहून फोरमनसाहेबांना माझं नाव दिलं. उपकार फिटले असं नाही म्हणणार... भाऊ इतकी वर्षं भट्टीपाशी थांबले, तेव्हा 'तुम्हाला जायचंय का' एवढंसुद्धा आमच्यापैकी एकानेही त्यांना विचारलं नव्हतं.