आबा, माझ्याकडं बघू नगा

आमच्या फडानं उभ्या जन्मात कार्यक्रम केला तो एकच. पण किस्से म्हणाल तर दर लग्नाच्या पंगतीला एक या हिशेबानं सांगत आलोय, अजून संपलेले नाहीत. कारण साधं आहे. कार्यक्रम एका दुपारचा, तालीम मात्र पाऊस ओसरल्यापासून दिवाळीपर्यंत चालली होती. आणि तालमीत गाणं सोडून बाकी सगळं होतं.

इंदापूर तालुक्यात सणसरच्या अलीकडं, कॅनॉलच्या कडेला आमचं गाव. शेतकऱ्यांनी भागभांडवल जमवून नवा साखर कारखाना उभा केला होता आणि त्याचं पहिलं गाळप सुरू व्हायचं होतं. बारामतीकडच्या एका गावानं बॅण्ड ठरवल्याची बातमी आली. आमचे तात्या कारखान्याचे सभासद आणि गावातले मानाचे माणूस. त्यांनी पारावर जाहीर करून टाकलं की आपलं गाव पोवाडा म्हणणार. पोवाडा कोण म्हणणार, वाजवणार कोण, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं.

माझी नेमणूक तुणतुण्यावर झाली. "ह्याला एकच तार हाय, ह्यो काय बिघडवणार," असं तात्या म्हणाले. मी तेही करून दाखवलं, पण तो किस्सा मी स्वतः सांगत नसतो.

* * *

पोवाडा रचायचं तात्यांनी स्वतःकडं घेतलं. त्यांची एक अडचण होती. त्यांना काव्य सुचायचं ते बैलांच्या मागं चालताना. लोडाला टेकून बसवलं, चहा पाजला, तरी ओळ म्हणून फुटायची नाही. नांगराला हात लावला की गडी गुणगुणायला लागायचा. म्हणून मी बांधावर बसायचो आणि तात्या नांगराचं तास संपवून टोकाला आले की झालेली ओळ पाठ करून घ्यायचो.

निम्मा पोवाडा झाला आणि तात्यांचं रान नांगरून संपलं. आता पुढं काय? फडातल्या भिकूनं आपला तुकडा देऊ केला. त्यात 'पाटाचं पाणी' हे कडवं झालं. माझं एक एकर 'कारखान्याची चिमणी' या कडव्यात निघालं. चिमणी उंच, त्यामुळं नांगरटही खोल झाली.

हे गावात पसरायला वेळ लागला नाही. मग जो तो तात्यांना रस्त्यात गाठून पोवाड्याची स्तुती करायचा आणि शेवटी हळूच म्हणायचा, "तात्या, आजून यखांदं कडवं पायजे बगा. आमचं वरचं रान मोकळंच हाय."

पोवाडा इतका लांबला की तो पुरा म्हटला असता तर तेवढ्यात ऊस गाळून साखर पोत्यात गेली असती. आम्ही निम्मा कापला. पण रानं नांगरून झाली होती, त्यामुळं कुणी तक्रार केली नाही.

* * *

भिकू आमचा शाहीर. आवाज असा की कॅनॉलच्या या काठावर म्हणायला लागला तर त्या काठावरची भांगलणारी बाई खुरपं हातात धरून थांबायची. पण त्याचा बाप, आबा, कडक माणूस. गाणंबजावणं म्हणजे घर बुडवायचे धंदे, असं त्यांचं ठाम मत. घरात कुणी शीळ घातली तरी ते ताटावरून उठायचे. म्हणून भिकूचा डफ कडब्याच्या गंजीत लपवलेला असायचा आणि भिकू "पाणी धराया जातो" असं सांगून बाहेर पडायचा.

एका दुपारी आबा रानात आले. भिकू बांधावर डोळे मिटून डफ वाजवत होता. त्यांच्या उसाचं पाणी शेजाऱ्याच्या वांग्यात चाललं होतं. मी आबांना येताना बघितलं, पण भिकूला खूण करावी तर त्याचे डोळे मिटलेले. आबांनी खोरं उचललं. मी म्हटलं, आता हा गेला. पण आबांनी आधी पाटाचं मातीचं दार मोडून पाणी आपल्या उसात घेतलं. मग खोऱ्यावर हात टेकून कडवं संपेपर्यंत उभे राहिले. भिकूनं डोळे उघडले आणि त्याच्या हातातला डफ गळून पडला.

आबा शांतपणे म्हणाले, "कारकान्यावर म्हणणार हायेस न्हवं? म्हण. मी यिऊन बसनार हाय. तितं येक मानूस जरी हसला, तर घरी आल्याबरूबर डफ चुलीत घालीन. दोन भाकरी तरी निघतील त्याच्यावर."

आबा बोलले की बोलले. भिकूला डफाशिवाय दुसरा नाद नव्हता, ना तंबाखू ना पत्ते. गंजीतून डफ काढताना तो आधी त्याच्यावरचा कडबा फुंकून काढायचा, मग वर तळहात फिरवायचा. त्या दिवसापासून आम्हाला कारखान्याची काळजी राहिली नाही, त्या डफाची लागली. फजिती झाली तर आमची एक दिवस होणार होती, त्याची जन्माची.

* * *

तालमीला मोठं विघ्न म्हणजे पाण्याची पाळी. आज याची पाळी, उद्या त्याची. सगळे एका संध्याकाळी मारुतीच्या देवळात जमायचे म्हणजे मुश्किल. पाळ्या ठरवणं कॅनॉलवरच्या पाटकऱ्याच्या हातात. त्याचं नाव रामराव, खाकी कोट आणि सरकारी सायकल. तात्यांनी तोड काढली. रामरावालाच फडात घ्यायचं.

रामराव झीलकरी झाला. झीलकरी म्हणजे शाहिराच्या मागं उभं राहून त्याची ओळ उचलायची आणि "जी जी रं जी" म्हणायचं. आवाज म्हणाल तर गंजलेलं लोखंडी दार वर उचलताना येतो तसा. पण कुणाची बोलायची छाती होती? सगळ्यांचा ऊस उभा होता. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "कसं काय झालं?" तर दगडू पखवाजवाला म्हणाला, "रामराव, आवाजात पानी हाय बगा." रामराव इतका खूश झाला की दगडूला दुसऱ्याच दिवशी पाळी मिळाली. तिसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांनाच त्याच्या आवाजात पाणी दिसायला लागलं!

मग रामरावाला गाण्याचा असा नाद लागला की ड्यूटी बाजूला पडली. एकदा ऐन रंगात एक माणूस धापा टाकत देवळात आला. वरची चारी फुटली होती आणि पाणी रस्त्यावर आलं होतं. रामरावानं हात वर करून त्याला गप्प बसवलं आणि म्हणाला, "पाटाच्या पान्याचंच कडवं चाललंय. ते हू दे, मग बघू."

त्या रात्री कॅनॉलच्या साहेबाची जीप आमच्या रस्त्यात रुतली. रिपोर्टात रामरावानं काय लिहिलं ते विचारायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही.

* * *

आमच्याकडं ढोलकी नव्हती. दगडू भजनातला पखवाज घेऊन आला होता. तो सांगवीचा, पण आमच्या गावात मामाचं वांग्या-टोमॅटोचं रान करायचा. पखवाजाच्या डाव्या अंगाला गव्हाच्या कणकेचा गोळा लावावा लागतो, तेव्हा तो घुमतो. तालीम संपली की दगडू तो गोळा खरवडून देवळाबाहेर टाकायचा.

गावात देवाला सोडलेला एक वळू होता. त्याला चार दिवसांत या गोळ्याचा पत्ता लागला. मग त्याला तालही कळायला लागला. पोवाड्याचा शेवट आला की लय वाढते. लय वाढली की वळू कुठूनही उठायचा आणि पायरीशी येऊन उभा राहायचा. त्याला गाण्याची समज आहे म्हणून तात्यांना कोण कौतुक!

एका संध्याकाळी भिकूनं मधल्याच कडव्यात चुकून लय वाढवली. वळू आला. कडवं संपेना, कणीक मिळेना. त्यानं दोन पाय पायरीवर ठेवले, मग तिसरा. दगडूनं पखवाज वाजवता वाजवताच कणीक खरवडली आणि बाहेर फेकली. पुढचं सगळं कडवं नुसतं टकटक वाजलं.

त्यानंतर लय कधी वाढवायची यावर फडात कधी वाद झाला नाही.

* * *

रामरावाची दुसरी खोड म्हणजे ओळ उचलायच्या आधी तो तिचा विचार करायचा. भिकूनं "पाटाचं पानी खळाळलं" म्हटलं की हा थांबायचा आणि सांगायचा, "ह्या महिन्यात आपल्या चारीला पानी बंद आसतं." भिकूनं "ऊस गेला आभाळाला" म्हटलं की हा विचारायचा, कुणाचा? बांधावरच्या मोजणीत तर असा ऊस कुठं आढळला नाही.

तात्यांचा संताप झाला. त्यांनी रामरावाला उभं करून हुकूम दिला. "शाईर त्वांडातनं काय काढंल त्ये उचलायचं. डोस्कं चालवायचं न्हाय. तीनदा म्हनायचं आन् जी जी करायचं."

हुकूम म्हटल्यावर रामराव खूश. त्याला हुकुमाची सवय होती, गाण्याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी भिकू कडवं म्हणता म्हणता एकदम मागं सरला आणि म्हणाला, "थांबा, तरटाखाली इच्चू हाय." रामरावानं कानाच्या पाळीपर्यंत तोंड उघडलं आणि उचललं, "थांबा, तरटाखाली इच्चू हाय, जी जी रं जी!" दगडूनंही ठेका दिला. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत विंचू तरटाबाहेर आला होता आणि मी तुणतुण्यासकट देवळाबाहेर. बाकीचे जी जी पुरं करून मगच उठले.

तात्या म्हणाले, "आता फड बसला."

* * *

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही दोन बैलगाड्यांतून निघालो. आबा भिकूच्याच गाडीत होते, पांढराशुभ्र फेटा बांधून. भिकू पाण्याचा तांब्या दोनदा रिकामा करून बसला होता. मी त्याला म्हटलं, आबांकडं बघू नकोस, चिमणीकडं बघ. तो म्हणाला, चिमणीसुद्धा आबांसारखीच दिसते.

कारखान्यावर ही गर्दी. मांडव घातलेला, लाउडस्पीकर लावलेला. बारामतीकडचा बॅण्ड वाजून झाला होता आणि त्यांना टाळ्याही पडल्या होत्या. आम्ही स्टेजवर उभे राहिलो. समोर पाहुण्यांच्या खुर्च्या, आणि पहिल्या खुर्चीत, दोन्ही हात काठीवर ठेवून, आबा! त्यांना तिथून उठवायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

भिकूनं डफावर थाप मारली. गण झाला. पहिलं कडवं चांगलं गेलं, लोक सरसावून बसले. मी तार छेडता छेडता मनात म्हटलं, आता डफ वाचला.

दुसऱ्या कडव्याला भिकूची नजर खाली गेली. आबा त्याच्याकडंच बघत होते, पापणी न हलवता. ओळ गेली. डफ चालू, पखवाज चालू, माझी तार चालू, आणि शाहीर नुसता उभा. शेवटी त्याच्या तोंडातून निघालं, अगदी हळू, पण माईक समोर होता.

"आबा, माझ्याकडं बघू नगा."

मी रामरावाच्या कोटाला धरायला हात लांब केला. उशीर झाला होता. त्यानं दोन्ही हात पसरून उचललं, "आबा, माझ्याकडं बघू नगा, जी जी रं जी!" एकदा. दोनदा. तिसऱ्या वेळेला दगडूनं तिहाईसुद्धा दिली.

मांडव हसला. पाहुणे हसले, बॅण्डवाले तर खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. एक माणूस म्हणाले होते आबा, इथं गाव जेवायला बसावं तसं सगळं हसत होतं. भिकूनं डफ छातीशी धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मला तर तिथंच रडू फुटलं असतं.

आबा उठले. काठी खुर्चीला टेकवून ठेवली. स्टेजच्या पायऱ्या चढून वर आले. हसू बंद झालं. आम्हाला वाटलं, चुलीची वाट न बघता डफ इथंच फोडणार. भिकूनं मान खाली घालून डफ पुढं केला.

आबांनी डफाकडं पाहिलं नाही. रामरावाला खांद्यानं बाजूला सारलं आणि झीलकऱ्याच्या जागेवर उभे राहिले. डावा हात कानावर ठेवला.

"लई वर धरलायस," भिकूला म्हणाले. "सूर खाली घे. उचलतो मी."

भिकूनं सूर खाली घेतला. आबांनी झील उचलली, आणि ती अशी उचलली की दगडूचा हात पखवाजावर क्षणभर थांबला. तात्या तेवढे खाली मान घालून मिशीत हसत होते. पोवाडा पुरा झाला तेव्हा बॅण्डवाले उभे राहून टाळ्या वाजवत होते.

परत येताना गाडी भिकू हाकत होता. आबा मागं बसले होते, डफ त्यांच्या मांडीवर. गाव दिसायला लागलं तेव्हा भिकूनं धीर करून विचारलं, "आबा, तुमी ह्ये कवा शिकला?"

आबा म्हणाले, "बैलांकडं बघ. चाक खड्ड्यात जाईल."