आडवी हातोडी

आमच्या लोहाराला सगळे मुका म्हणत. जीभ होती त्याला, पण ती त्याच्या बापाने लहानपणीच आत ढकलली होती. चुकीचा घाव पडला की बाप तापलेली सांडशी पाठीला लावायचा. नियम आधी, पोर मागून. मुक्याला लोखंडाची भाषा आली खरी, पण पाठीवर तिच्या काळ्या ओळी उमटल्या. बाप मेला तेव्हा त्याच्या डोळ्याला पाणी आलं नाही.

लेकीला काही म्हणजे काही शिकवायचं नाही, असं त्याने तेव्हाच ठरवलं. शाळेत मास्तरांनी तिच्या बोटांवर पट्टी मारली, तर हा वर्गात शिरला, याने मास्तरांना मानेला धरून फळ्यावर आपटलं, नाक फोडलं आणि पोरीला खांद्यावर घालून घरी आणलं.

"शाळा नाही, इथेही काही सांगायचं नाही," बायको भाता ओढत म्हणाली. "मग पोरगी शिकणार काय, धूर?"

"बघून शिकेल. मोकळी वाढू दे."

आणि पोरगी शिकली, अगदी डोळ्यांनी पिऊन शिकली. मुक्याची हातोडी टिचकी मारी, तिथे आईचा घण पडे. हातोडी ऐरणीवर आडवी झाली की घण थांबे. हे सगळं बघत ती दांडगी झाली. पुढे आईचा खांदा आखडला, तेव्हा घण आपसूक तिच्या हातात आला.

पहिल्याच दिवशी कुदळीचं पातं लालभडक होतं. टिचकी, घाव. टिचकी, घाव. मुक्याने हातोडी आडवी ठेवली आणि पात्यावर सुटलेली जळकी खपली कुंच्याने झटकायला हात पुढे केला. घण तोवर वरून निघाला होता.

ओली फांदी मोडावी तशी बोटं मोडली. रक्त पात्यावर चरचरलं. मुका गुरासारखा ओरडला आणि डाव्या हाताने त्याने भट्टीतली सांडशी उपसली.

"हातोडी आडवी दिसली नाही तुला?"

"दिसली की!" पोरगी मागे सरली नाही. "तुम्ही दोघं दमलात की ती ठेवता. मी दमले नव्हते, बाबा."

सांडशी तिच्या कानाशी येऊन थांबली.

"घाला ना!" त्याच्या मोडलेल्या हातावर फडकं आवळत बायको किंचाळली. "सासरेबुवांचा हात फुटलाच तुमच्या खांद्याला! घाला, आणि तिला कधी सांगितलं होतंत तेही सांगा!"

पोरीचे केस जळायला लागले. तो वास मुक्याच्या ओळखीचा होता. त्याने सांडशी पाण्याच्या कुंडीत भिरकावली. कुंडी फुत्कारली.

बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. आता तो डाव्या हाताने हातोडी आडवी ठेवतो आणि गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडतो, "थांब!"

"थांबलेच आहे हो," पोरगी वैतागते. "रोज काय कोकलायचं ते?"

घण जमिनीला टेकेपर्यंत मुका अंगठ्यापुरता उरलेला हात पाठीमागेच ठेवतो.